माळेतला एकोणिसावा कागद

"आधी नंबर, मंग रामराम."

धारूरच्या आमच्या शाळेच्या दफ्तरात कोणीही पाऊल टाकलं, की समोरच्या बैठ्या मेजामागून हे वाक्य यायचं. मान वर होत नसे. डावा हात तेवढा पुढे यायचा, पंजा उघडा, त्यावर तुम्ही कागद ठेवायचा. मग मेजामागचे गृहस्थ तो कागद उलटा करून आधी त्याची पाठ बघत, फुंकर मारत, कोपऱ्यात लाल शाईनं आकडा घालत, वहीत तोच आकडा लिहीत, आणि एवढं सगळं झाल्यावर, जणू तुम्ही आत्ताच दारात आला आहात अशा थाटात, हसून म्हणत, "रामराम गुरुजी. कवा आलात?"

पहिल्या दिवशी मला या माणसाचा असा काही राग आला, की मी कागद न देताच परत फिरलो. पुढे तो राग रोजचाच झाला. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याविषयी लिहायला बसलोय तेही प्रेमापोटी कमी आणि रागापोटी जास्त, असं आधीच सांगून टाकतो. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. इतका सरळ, की त्याच्या सरळपणावर आपणच डोकं आपटून घ्यावं.

ते शाळेचे अहलकार होते, म्हणजे कारकून. मूळचे धर्मापुरीचे. निजामाचा अमल, शाळेचं सगळं शिक्षण उर्दूतून, आणि मी त्या शाळेतला एकुलता एक मराठीचा मास्तर. गंमत अशी की आमचे हेडमास्तरही बी.ए. नव्हते, पण हे कारकून हैदराबादेहून बी.ए. होऊन आले होते. वडील अचानक गेले, घरी परतावं लागलं, आणि आसपासच्या मुलखात रिकामी जागा होती ती एवढीच. गाव त्यांना 'बी.ए.साहेब' म्हणे. त्यात निम्मा मान होता, निम्मी थट्टा. "बी.ए. झाले, आन लाख लावत बसले," असं पारावरची मंडळी म्हणायची. बी.ए.साहेब ऐकायचे आणि खुशाल पुढे जायचे.

ही लाख काय, ते सांगायला हवं. आमचे हेडमास्तर हैदराबादचे, खानदानी, अतिशय सभ्य गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना 'साहब' म्हणायचो. सह्या ते फक्त गुरुवारी करत, कारण शुक्रवारी सुट्टी. त्यांची सही म्हणजे वेलबुट्टी होती. एक सही पुरी व्हायला पान लावून खाण्याइतका वेळ लागे. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाची वेळ झाली की कलम खाली. गठ्ठ्यात वर असलेले कागद सही होऊन निघायचे, खालचे पुढच्या गुरुवारावर जायचे, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा त्यांच्यावर नवे कागद येऊन पडायचे. तेव्हा आपला कागद वर कसा येईल, एवढंच गावानं शिकून घेतलं होतं. दिवाळीच्या सुमाराला गठ्ठा लावणाऱ्या शाळेच्या शिपायाच्या घरी सीताफळांची टोपली पोचायची, एरवी शेंगा, कधी हुरडा. शिपाई काही लबाड नव्हता. डोंगराकडच्या मेंढपाळाच्या घरातला साधा माणूस. लोक देतात म्हणून घ्यायचा, आणि घेतलंय म्हणून कागद वर ठेवायचा.

बी.ए.साहेब आले आणि त्यांनी दाभण आणलं. आठवड्याचे सगळे कागद ते आकड्याच्या क्रमानं एका दोऱ्यात ओवत, दोऱ्याची दोन्ही टोकं गाठ मारून त्यावर लाख ओतत आणि ती माळ खिळ्याला टांगून ठेवत. साहब एकेक पान उलटून सही करत जात. मधला कागद काढायचा तर लाख फोडावी लागे, आणि लाख फुटलेली सगळ्यांना दिसे. सीताफळं बंद झाली. शिपाई पहिले काही महिने त्यांच्याशी बोलत नव्हता.

एकदा एक पाटील आले. मोठी जमीन, मोठा फेटा, पाठीमागे दोन माणसं. पोराचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

"आधी नंबर," बी.ए.साहेब म्हणाले.

"माझा नंबर?" पाटील हसले. "ह्या गावात माझा नंबर पयलाच असतोय बे."

"व्हय की. फुडल्या माळेच्या पयल्या सकाळी आलात तर पयलाच पडंल. ह्या माळेत सातवा हाय."

पाटलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हसू दिसू नये म्हणून मी हातातल्या पुस्तकात तोंड खुपसलं. पाटील सातवे राहिले आणि त्यांना दाखला वेळेवर मिळाला, हेही सांगायला हवं. बी.ए.साहेबांच्या माळेत सातव्याचं काम कधी अडलं नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. किल्ल्याच्या बाजूला आम्ही संध्याकाळी फिरायला जात असू. हैदराबादेत शिकताना त्यांचा परीक्षेचा अर्ज कॉलेजच्या दफ्तरात हरवला होता. "तीन दिवस वऱ्हांड्यात उभा व्हतो, गुरुजी. माझ्यावानी आनखी बी व्हते, जिल्ह्या-जिल्ह्यातले. ज्याची वळख, त्याचा कागद निघायचा. माझी कुनाशी वळख? वरीस वाया गेलं. मंग अर्ज घावला. कुटं? गठ्ठ्याच्या बुडाला." मग म्हणाले, "कागद रांगेत उभा ऱ्हायला की मानसाला उभं ऱ्हावं लागत न्हाई. एवढंच शिकलो म्या बी.ए.त."

तर असा हा माणूस, आणि एके दिवशी टपालातून त्यांच्याच नशिबाची म्हणावी अशी जाहिरात आली. हैदराबादेत बी.ए. झालेल्या दहा उमेदवारांना वर्षभर एक नवा अभ्यास शिकवणार होते. कॉलेजाचा आणि विद्यापीठाचा कारभार कसा चालवायचा, प्रवेश, परीक्षा, वसतिगृह, दफ्तर, सगळं. शेवटी परीक्षा, आणि पास होणाऱ्याला तिथल्याच कॉलेजांच्या दफ्तरांत नेमणूक. वय तिशीच्या आत हवं. त्यांना तिशी गाठायला काहीच महिने उरले होते.

मी त्यांना तेवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. "त्या वऱ्हांड्याच्या आतल्या बाजूला बसायला भेटंल, गुरुजी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अभ्यास सुरू केला. पुस्तकं कुठली असणार? दुपारच्या सुट्टीत ते शाळेच्या ओट्यावर चिंचोके मांडत. एकेक चिंचोका म्हणजे एकेक विद्यार्थी, खडे म्हणजे कारकुनांची मेजं. तीनशे चिंचोके दोन मेजांवरून किती दिवसांत जातील, तीन मांडली तर किती, फी घेणारा आधी बसवावा की नाव लिहिणारा, असं तासन्‌तास चालायचं. एका दुपारी ते पाणी प्यायला गेले आणि शिपायानं ओटा झाडून घेतला.

"माजं विद्यापीठ कुनी झाडलं?" बी.ए.साहेब ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

शिपाई घाबरला. चिंचोके गोळा करू लागला. गोळा करता करता म्हणाला, "पर साहेब, तुमी कावून येवढी मेजं मांडता? आमी मेंढरं वाड्यात घेताना एकच अरुंद वाट ठिवतो. दोन वाटा केल्या की मेंढरं चेंगरत्यात, आन मोजाया बी येत न्हाईत."

बी.ए.साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग खाली बसले आणि वहीत ते वाक्य त्यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. "लई मोठी गोष्ट बोलला गड्या तू. हैदराबादेत बी कुनाला ठावं नसंल." त्या दिवसापासून शिपाई त्यांचा झाला. चिंचोकेही तोच आणून देऊ लागला.

आता मुद्द्याचं. सरकारी नोकरानं अर्ज करायचा तर तो वरिष्ठाच्या सहीनंच पुढे जायला हवा, असा कायदा होता. म्हणजे साहबांची सही, मग शनिवारचं टपाल, मग बीडचं दफ्तर, तिथून हैदराबाद. बी.ए.साहेबांचा अर्ज लिहून तयार होता, पण वयाचा दाखला धर्मापुरीहून यायचा होता. मी म्हटलं, अर्जाला आजच नंबर घालून ठेवा, दाखला मागाहून जोडा. ते म्हणाले, "अपुऱ्या कागदाला नंबर न्हाई." दुसऱ्या कोणाला ते हेच सांगत, म्हणून स्वतःलाही हेच.

अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः धर्मापुरीला गेले आणि मंगळवारी दुपारी दाखला घेऊन परत आले. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. दफ्तराच्या दारात आम्ही चौघे-पाचजण कागद घेऊन ताटकळत उभे होतो. मीही होतो. माझे वडील चकलांब्याला एकटे असत, दोन्ही डोळे गेलेले, म्हणून गेवराईकडे बदली मागणारा अर्ज मी महिनाभर घोळवत होतो, आणि नेमका त्या दिवशी घेऊन गेलो होतो. बी.ए.साहेबांनी पाय धुतले, मेजामागे बसले आणि हात पुढे केला. दारात उभा त्याला आधी, हा त्यांचा दुसरा कायदा. माझा नंबर अठरावा पडला. सगळे झाल्यावर त्यांनी स्वतःचा कागद काढला, उलटा केला, फुंकर मारली आणि एकोणीस आकडा घातला. मी समोर होतो. मी ते बघितलं.

काळजी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहब एका बैठकीत पंचवीस सह्या तरी करत. फक्त हा गुरुवार चुकायला नको होता, कारण त्याच रात्री साहब मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे हैदराबादला निघणार होते. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

गुरुवारी साहब बसले, बाजूला बी.ए.साहेब माळ धरून उभे. सतरा सह्या झाल्या. अठरावा कागद आला आणि साहबांनी मला बोलावून घेतलं. "मास्टर साहब, ये अर्ज़ी है या किताब?"

चार पानं होती. मी काय करणार, मराठीचा मास्तर. वडिलांचं आंधळेपण मी उर्दूतूनही असं रंगवून लिहिलं होतं, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. साहबांच्या आलं. त्यांनी चारही पानं वाचली. मग स्वतःच्या वडिलांची गोष्ट काढली. मी माझ्या वडिलांची काढली. विहिरीवर ते हातानं दोर चाचपत कसे जातात ते मी उभं राहून करून दाखवलं. माझी बदली होणार हे मला दिसत होतं, आणि माणसाला स्वतःचं काम होताना दिसलं की दुसरं काही दिसत नाही. साहबांनी शिफारशीच्या चार ओळी लिहिल्या, खाली ती वेलबुट्टीची सही केली, आणि तेवढ्यात मशिदीतून अजान ऐकू आली. त्यांनी कलम खाली ठेवलं.

बी.ए.साहेबांच्या हातात माळ होती आणि एकोणिसावा कागद उलटलेला होता. अंगठा त्याच्या कोपऱ्यावर. साहब उठले, "ख़ुदा हाफ़िज़" म्हणाले आणि गेले.

अंगणात आल्यावर ते माझ्या लक्षात आलं. मी पळत परत गेलो. बी.ए.साहेब माळ खिळ्याला अडकवत होते.

"अहो, तुमचा कागद!"

"ऱ्हायला."

"मग बोलला का नाहीत? मी तिथं तासभर बडबडत होतो. एक शब्द टाकायचा होता. थांबलो असतो मी!"

"तुमचा नंबर व्हता, गुरुजी," ते म्हणाले.

मी तसाच साहबांच्या घरी गेलो. ट्रंका भरून दारात ठेवलेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. साहबांनी कपाळाला हात लावला. "अरे! उनसे कहिए, काग़ज़ ले आएँ. मैं अभी दस्तख़त कर देता हूँ." झालं होतं काम! मी चढण पळत चढलो. दम लागून मला बोलता येत नव्हतं. म्हटलं, फोडा ती लाख, चला, साहब सही करतायत.

बी.ए.साहेब मेजामागे बसले होते. माळेकडे बघत. त्यांना जायचं होतं हो. हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा हात माळेपर्यंत गेला होता.

"माज्या मागचा, इसावा कागद कुनाचा हाय, ठावं हाय का?" त्यांनी विचारलं.

"असेल कोणाचा तरी! काय करायचंय?"

"एका बाईचा हाय. पोराची फी माफ करा म्हनून. तीन दिस झाले, चार कोस चालत येती. ती बी म्हनंल, मला बी न्या साहेबाच्या घरी." मग हळू म्हणाले, "आन पाटलाला उद्या कोन्त्या तोंडानं सातवा म्हनू?"

"तिचाही घ्या बरोबर! सगळे घ्या!"

"मंग उद्यापासून समदं गाव साहेबाच्या घरीच जाईल. माळ कशाला?"

मी त्यांना नाही नाही ते बोललो. मूर्ख म्हणालो. आयुष्यात एकदा दार उघडलंय आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून नियम वाचताय, म्हणालो. शिपाईसुद्धा रडकुंडीला आला होता. "जावा की साहेब, आमी न्हाई सांगत कुनाला," म्हणत होता. ते उठले नाहीत. साहबांची गाडी खालच्या रस्त्यानं निघून गेल्याचा आवाज आम्ही तिघांनीही दफ्तरात बसूनच ऐकला.

एकोणिसाव्या कागदावर तीन आठवड्यांनी सही झाली. बीडहून तो 'मुदत संपली' असा शेरा मारून परत आला. तो परत आलेला कागदही बी.ए.साहेबांनी उलटा केला, फुंकर मारली आणि त्यावर नंबर घातला. मी समोर होतो. मला ते बघवलं नाही. पुढच्या वर्षी जाहिरात पुन्हा आली, तेव्हा त्यांची तिशी उलटली होती.

माझी बदली झाली. हुकमावर जावक नंबर घालून त्यांनीच तो माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "वडलाला सांभाळा." मी साधे आभारही मानले नाहीत. वडील पुढे चार वर्षं जगले आणि ती चार वर्षं मी त्यांच्याजवळ होतो. ती मला कोणाच्या कागदाच्या बदल्यात मिळाली, हे मी घरात कधी कोणाला सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी माझा मुलगा हैदराबादला कॉलेजात होता. एका दिवाळीच्या तोंडावर त्याचं पत्र आलं, की परीक्षेचा अर्ज भरूनही यादीत नाव नाही, दफ्तरात कोणी दाद देत नाही. मी वाट वाकडी करून धारूरला गेलो. वाटलं, बी.ए.साहेबांना विचारावं, असल्या वेळी काय करायचं ते. खरं तर माफी मागायची होती.

शाळेच्या ओट्यावर तोच शिपाई बसलेला होता, म्हातारा झालेला. "गेले की साहेब. दोन पावसाळे झाले," तो म्हणाला. "तापात बी म्हनायचे, माळ भरली का." आत नवा कारकून होता. त्याच्या मेजावर कागदांचा ढीग होता आणि माळेच्या खिळ्याला कोणाची तरी छत्री टांगलेली होती. निघताना शिपायानं डोंगरातल्या सीताफळांची एक टोपली माझ्या हातात दिली. "पोराला द्या," म्हणाला.

हैदराबादला त्या कॉलेजच्या वऱ्हांड्यात मी आणि माझा मुलगा तीन दिवस उभे होतो. "आज नहीं, कल," एवढंच उत्तर. आमच्या पुढे पाटोद्याकडचा एक मुलगा उभा होता. त्याचंही हेच, त्याचाही अर्ज हरवलेला. तो आमच्याही आधीपासून येत होता, अंगात एकच सदरा, रोज तोच. दाराच्या फटीतून आतलं मेज दिसायचं, मेजावर ढीग दिसायचा. त्या मेजामागे कोण बसायला हवं होतं ते मला माहीत होतं. तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांनाच शिव्या देत होतो. तुम्ही इथं असता तर एकाही पोराला उभं राहावं लागलं नसतं. त्या दिवशी उठला असता तर इथं असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावरच्या शिपायानं टोपलीकडे बघितलं. "क्या है इसमें?"

उद्या यादी बंद होणार होती. मी टोपली पुढे केली. तासाभरात माझ्या मुलाचा अर्ज ढिगाच्या बुडातून वर आला आणि त्याचं नाव यादीत चढलं. मुलगा आनंदानं जिना उतरत होता. मी मागे वळून बघितलं, तर पाटोद्याचा मुलगा तिथंच होता, दाराच्या चौकटीला टेकून. त्यानं सगळं पाहिलं होतं.

त्याचा नंबर होता.